मातीच्या भिंतीवरचं झाड

आपल्या हॉस्टेलमध्ये दरवर्षी दोन सीझन हमखास येतात. एक सबमिशनचा आणि दुसरा रूम सजवण्याचा. नवीन रूम अलॉट झाली की पहिल्या रविवारी सगळी विंग बाजारात. मग काय काय येतं! प्लॅस्टिकच्या वेली, भिंतीवर चिकटवायचे स्टिकर, लाइटच्या माळा, विटांच्या डिझाइनचा वॉलपेपर. (खऱ्या विटांच्या भिंतीवर विटांचं चित्र! सिव्हिलवाल्यांनी यावर विचार करावा.) आणि मे महिन्यात रूम रिकामी करायची वेळ आली की हेच सगळं काळ्या पिशव्यांत भरून खाली.

त्या पिशव्या पुढे कुठे जातात हे गोवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेतंय. संध्याकाळी वारा फिरला की आपण नाक मुरडून खिडकी लावून घेतो. मला तर कधी कधी वाटतं की गेल्या वर्षीची आपली सजावटच आपल्याला भेटायला परत आली आहे!

मी मूळचा वर्ध्याकडचा. आमच्या शाळेची सहल दरवर्षी ठरलेली, सेवाग्राम. सहावीत असताना बापू कुटीत गेलो तेव्हा गुरुजींनी गांधीजींबद्दल जे सांगितलं ते सगळं विसरलो, पण भिंतीवरचं एक झाड लक्षात राहिलं. मातीच्या भिंतीतून मातीचंच, जरासं वर उठून आलेलं ताडा-शिंदीसारखं झाड. शेजारी ॐ आणि चरखा. रंग नाही, फ्रेम नाही, खिळासुद्धा नाही. हे कोणी केलं असं विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, एका इंग्रज बाईंनी. तेव्हा काही कळलं नाही. इथे येऊन बिल्डिंग मटेरिअल्स शिकायला लागलो तेव्हा त्या बाई पुन्हा आठवल्या. त्यांचं नाव मॅडेलिन स्लेड, म्हणजेच मीराबेन. रिचर्ड ॲटनबरोच्या 'गांधी' सिनेमात खादीच्या साडीतली एक उंच इंग्रज बाई दिसते ना, त्याच!

ॲडमिरलची मुलगी

मॅडेलिनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ चा, इंग्लंडमधला. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात मोठे अधिकारी. ते सतत समुद्रावर, त्यामुळे तिचं लहानपण बरंचसं आजोबांच्या खेड्यातल्या मोठ्या घरी गेलं. घोडे, झाडं, शेत यांत ती रमायची. चारचौघांत मिसळायचा मात्र कंटाळा. लहान वयातच तिच्या कानावर बीथोवनचं संगीत पडलं आणि ते तिला असं काही लागलं की पुढे आयुष्यभर सुटलं नाही.

१९०९ च्या सुमारास वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज स्टेशनचे नौदल प्रमुख म्हणून झाली आणि स्लेड कुटुंब आपल्या मुंबईत येऊन राहिलं. म्हणजे बघा, मीराबेनची भारताशी पहिली ओळख मुंबईचीच! पण ती कसली मुंबई? बंगला, पार्ट्या, नाच, जेवणावळी, दिमतीला नोकर. दोनेक वर्षं ती इथे होती, पण त्या बंगल्याच्या कंपाउंडबाहेरचा हिंदुस्थान तिला जवळजवळ दिसलाच नाही. सजवलेल्या घरात राहून कंटाळलेली ती मुलगी तशीच इंग्लंडला परत गेली.

पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये तिनं फ्रेडरिक लॅमंड या पियानोवादकाच्या मैफली भरवायला मदत केली. तो बीथोवनचा नावाजलेला वादक. मग तिला कळलं की रोमां रोलां या फ्रेंच लेखकानं बीथोवनवर लिहिलंय आणि त्याची मोठी कादंबरीही एका संगीतकारावर आहे. ती मूळ भाषेत वाचता यावी म्हणून ती फ्रेंच शिकली! (आणि आपण एम-थ्रीच्या केटीसाठी क्लास लावायलाही कां-कूं करतो.) शेवटी स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्ह गावी ती रोलांना भेटली. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की आपण गांधी नावाच्या माणसावर एक छोटं पुस्तक लिहिलंय. तिनं हे नाव ऐकलंच नव्हतं. १९२४ मध्ये ते पुस्तक बाहेर आलं, तिनं एका दिवसात वाचून संपवलं आणि पुढचं सगळं आयुष्य त्यातच ठरलं.

एक वर्षाची तयारी

दुसरं कोणी असतं तर तडक बोटीत बसलं असतं. तिनंही आधी तिकीट काढलंच होतं. पण मग विचार केला की आपलं शरीर, आपल्या सवयी त्या आयुष्याला तयार आहेत का? तिकीट वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षात ती सूत कातायला शिकली, मांसाहार आणि दारू सोडली, मांडी घालून जमिनीवर बसायची सवय केली. स्वित्झर्लंडमध्ये शेतकऱ्यांबरोबर शेतात राबली. गांधीजींनी १९२४ मध्ये एकवीस दिवसांचा उपवास केला, तो पार पडल्याच्या आनंदात तिनं त्यांना पत्र लिहून वीस पौंड पाठवले.

६ नोव्हेंबर १९२५ ला ती मुंबई बंदरात उतरली. या वेळी स्वागताला नौदलाचा बँड नव्हता. त्याच रात्री अहमदाबादची गाडी धरली आणि दुसऱ्या दिवशी साबरमती आश्रमात गांधीजींच्या समोर उभी राहिली. गांधीजींनी तिला मुलगी मानलं आणि मीरा हे नाव दिलं. ॲडमिरलच्या मुलीला आश्रमात काम मिळालं संडास साफ करण्याचं, पिंजणाचं आणि कातण्याचं. थोड्याच दिवसांत तिनं केस उतरवले, खादी नेसली आणि ती सगळ्यांची मीराबेन झाली.

इथून पुढे मीराबेन जवळजवळ सगळीकडे गांधीजींच्या बरोबर दिसतात. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी त्या त्यांच्याबरोबर लंडनला गेल्या आणि ईस्ट एंडच्या कामगार वस्तीतल्या किंग्जली हॉलमध्ये उतरल्या. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. एकेकाळी जिथे बंगल्यात राहिल्या त्याच मुंबईत आर्थर रोडच्या तुरुंगातही राहून झालं.

सेगावचं घर

आता मूळ विषयाकडे येऊ, म्हणजे घराकडे.

साबरमतीला परत जायचं नाही असं गांधीजींनी १९३० मध्येच ठरवलं होतं. जमनालाल बजाजांच्या आग्रहामुळे ते वर्ध्याला आले. मीराबेन आधी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात सफाईचं काम करत होत्या. मग त्यांनी आणखी आतलं गाव निवडलं, सेगाव. ना धड रस्ता, ना दवाखाना. पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि घरोघरी हिवताप. मागोमाग ३० एप्रिल १९३६ ला गांधीजीही तिथे राहायला आले. एप्रिलअखेर वर्ध्याचं ऊन म्हणजे काय असतं हे आमच्याकडच्या पोरांना विचारा! पारा ४५ च्या पुढे जातो.

घर बांधायचं काम मीराबेनवर आलं. गांधीजींच्या अटी साध्या होत्या. माल आसपासच्या गावांत मिळतो तोच वापरायचा, कामाला गावचीच माणसं घ्यायची आणि खर्च आटोक्यात ठेवायचा. आपल्याला असं प्रोजेक्ट दिलं असतं तर आपण पहिल्याच रिव्ह्यूला हात वर केले असते. सिमेंट नाही, स्टील नाही, काच नाही, मग उरलं काय?

उरलं ते गावात होतंच. लाकडाचे खांब. बांबूच्या कामट्यांचा कूड. त्यावर छाबलेली माती. वर बांबूवर रचलेली कवेलू. खाली शेणामातीनं सारवलेली जमीन. चहूबाजूंनी ओसरी. पहिलं घर झालं ते आदि निवास. एकच मोठी खोली, तिच्यात गांधीजी, कस्तुरबा, आल्यागेल्यांसह सगळेच. मग मीराबेननी स्वतःसाठी जवळच एक छोटी झोपडी बांधली. तिथे त्या गावातल्या लोकांना पिंजण आणि कताई शिकवायच्या. भिंतीवरची ती झाडं, ॐ आणि चरखा त्यांनी याच झोपडीत केले.

आणि मग गंमत झाली. आदि निवासात माणसांची इतकी दाटी झाली की गांधीजींना कामाला जागा उरेना. तेव्हा त्यांचा मुक्काम मीराबेनच्या झोपडीत हलला. जी जागा हौसेनं स्वतःसाठी बांधली, स्वतःच्या हातानं सजवली, ती सोडून मीराबेन दुसरीकडे राहायला गेल्या. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची खोली होती! पुढे शेगावच्या नावाशी घोटाळा होऊन टपाल चुकायला लागलं, म्हणून १९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम झालं. चार भिंतींच्या त्या मातीच्या घरात देशाचे निर्णय व्हायला लागले. व्हाइसरॉयशी बोलायला तिथे टेलिफोनही आला.

इंजिनिअरच्या नजरेनं

आता ही झोपडी सेकंड इयरच्या नजरेनं पाहू. रुंद ओसरीमुळे दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. भिंत तापली नाही की खोली तापत नाही, इतकं सोपं गणित आहे. कौलांच्या फटींतून वर साचलेली गरम हवा निघून जाते. माती हवेतला ओलावा घेते आणि सोडते. कामटी वाकते पण मोडत नाही. आणि हे सगळं बैलगाडीनं आणता येईल इतक्या अंतरावरून आलेलं, म्हणजे वाहतुकीचा खर्चही नगण्य. आज जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो, हे वाचलं की त्या बैलगाडीची किंमत कळते.

सजावटीचं तर आणखी भारी आहे. त्या झाडासाठी वेगळं काही आणावंच लागलं नाही. भिंत लिंपताना जी माती हातात होती तीच थोडी जास्त लावली, बोटांनी दाबली आणि झाड झालं. उद्या पडलं तर त्याची माती जमिनीतच जाईल, देवनारला नाही. आतलं सामान तरी किती? बसायला चटई, पाठीला टेकायला एक फळी, लिहायला बुटकं मेज, तीन माकडं आणि कागद उडू नयेत म्हणून दगड. तरीही ती खोली उदास वाटत नाही. १९७८ मध्ये इव्हान इलिच हे मोठे विचारवंत तिथे आले, कुटीत बराच वेळ नुसते बसून राहिले आणि मग त्यांनी आपल्या भाषणाचा विषयच ती झोपडी केला.

साधं राहायचं म्हणजे रुक्ष राहायचं असं काही आश्रमवाल्यांनाही वाटत असेल. मीराबेनना तसं वाटत नव्हतं. बीथोवन ऐकत वाढलेली बाई ती, तिला सुंदर दिसणं हवंच होतं. फक्त त्या सौंदर्याचा भार दुसऱ्या कोणावर पडू नये एवढी काळजी तिनं घेतली.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मातीचं घर फुकट नसतं. माझी आजी दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपायची, आठवड्याला जमीन सारवायची आणि कंबर धरून बसायची. कवेलू दरवर्षी चाळावी लागतात, वाळवीवर नजर ठेवावी लागते. म्हणजे सिमेंटच्या घरात पैसे एकदा जातात, मातीच्या घरात हात रोज लागतात. बापू कुटी इतकी वर्षं उभी आहे ती कोणीतरी सतत हात लावत राहिलं म्हणून. पर्यावरणपूरक म्हणून दुकानातून महागाची बांबूची खुर्ची आणली आणि तिच्याकडे पुन्हा बघितलंच नाही, तर वर्षभरात तीही काळ्या पिशवीतच जाणार.

हिमालय आणि नंतर

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईतच गांधीजींबरोबर मीराबेनना अटक झाली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांना ठेवलं. संगमरवर, झुंबरं, मोठाले हॉल, सगळं होतं. त्याच राजवाड्यात १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. घर कितीही सजलेलं असलं तरी दार बाहेरून बंद असेल तर तो तुरुंगच.

सुटल्यावर मीराबेन उत्तरेत गेल्या. रुरकी-हरिद्वारच्या बाजूला किसान आश्रम, मग ऋषिकेशजवळ पशुलोक, पुढे भिलंगणा नदीच्या खोऱ्यात गोपाळ आश्रम. प्रत्येक ठिकाणी जनावरं, शेती, गावकरी. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्या ऋषिकेशकडेच होत्या. अंत्यदर्शनाला दिल्लीला न जाता तिथेच राहिल्या.

गंगेला दर पावसाळ्यात येणारे पूर बघून त्यांनी कारण शोधायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की वर डोंगरात बांज, म्हणजे ओक जातीच्या झाडांचं जंगल जातंय आणि चीड पसरतोय. बांजाखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. चिडाखाली सुया पडतात, पाणी सरळ वाहून जातं, बरोबर माती नेतं. चिडापासून लाकूड आणि राळ मिळते म्हणून त्याला भाव, आणि बांज गावाच्या उपयोगाचा म्हणून दुर्लक्षित. १९५२ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला. चिपको आंदोलन सुरू झालं ते १९७३ मध्ये. म्हणजे एकवीस वर्षं आधी! घराच्या भिंतीला कुठली माती चांगली हे बघणारी नजरच डोंगराकडे बघत होती.

स्वतंत्र भारतातल्या सरकारी कारभारात त्यांच्या योजना फारशा टिकल्या नाहीत. एकामागून एक प्रयोग अर्धवट राहिले. १९५९ मध्ये, चौतीसेक वर्षांनंतर त्यांनी भारत सोडला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र आलं आणि त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ खेड्यात जाऊन राहिल्या. का? तर बीथोवन जिथे फिरायचा ती रानं तिथे होती म्हणून. शेवटची वीस-बावीस वर्षं त्यांनी तिथे काढली. भारत सरकारनं अखेरच्या काळात त्यांना पद्मविभूषण दिला. २० जुलै १९८२ ला त्या गेल्या. 'गांधी' सिनेमा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला, तो त्यांना पाहता आला नाही.

आपल्या रूममध्ये

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग काय आता हॉस्टेलच्या भिंतीला शेण लावायचं? रेक्टरसरांना हार्ट अटॅक आणायचा का! तसं नाही. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदीच आहे, त्यामुळे गॅदरिंगच्या आणि गणपतीच्या मखरासाठी तरी आपण पुठ्ठा, कापड, बांबू यांच्याकडे वळलोच आहोत. आईची जुनी साडी पडद्याला चालते. फुटक्या मगमध्ये मनी प्लांट जगतो. सीनियर्स टाकून गेलेली फळी घासून घेतली की शेल्फ होतो.

पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. आपण चार वर्षांनी इथून बाहेर पडू आणि लोकांची घरं बांधू. हॉस्टेलपासून थोडं चालत गेलं की लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसनाच्या इमारती दिसतात. उंच आणि एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूब लावावी लागते. तिथल्या घरांतली अपुरी हवा-उजेड आणि टीबी यांचा संबंध २०१८ मध्ये समोर आलेल्या एका अभ्यासात दाखवला गेला. त्या इमारतींना सिमेंट कमी पडलं नव्हतं, स्टीलही नव्हतं. त्यांचे ड्रॉइंग आपल्यासारख्याच कोणीतरी शिकलेल्या माणसानं काढले होते. आत राहणारा माणूस दुपारी दोन वाजता कुठे बसेल, एवढंच त्यात बघायचं राहून गेलं.

मीराबेननी कुठलीही डिग्री घेतली नव्हती. त्यांनी आधी वर्षभर जमिनीवर बसायची सवय केली आणि नंतर जमिनीवर बसणाऱ्यांसाठी घर बांधलं. ऊन कुठून येतं ते बघितलं, माती हातात घेऊन बघितली. मग उरलेल्या मातीचं झाड केलं आणि ते झाड दुसऱ्याला देऊन टाकलं.

या दिवाळीत घरी गेलो की सेवाग्रामला पुन्हा जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर सांगा, वर्ध्याला आमच्या घरी उतरायची सोय आहे. जमीन मात्र सारवलेली आहे, गादीची अपेक्षा नको!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी